शेवटचे इंजेक्शन कधी घेतले?

डॉ. इंदुमती सेलूकर यांना मी प्रथम पाहिले तेव्हा त्या काचेच्या नळ्या विसळत होत्या. औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची रक्ततपासणीची प्रयोगशाळा होती. वर्ष दुष्काळाचे होते. आपल्या शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते आणि नळाला चार-चार दिवस पाणी येत नव्हते. मी लासूर स्टेशनहून सकाळच्या गाडीने नोकरी विचारायला आलो होतो. पदर खोचलेल्या, पन्नाशीच्या एक बाई मोरीजवळ स्टुलावर बसून अर्ध्या बादलीत नळ्या धूत होत्या. कामाच्या मावशी असतील असे समजून मी विचारले, डॉक्टर आहेत का? त्यांनी हात पुसले, समोरची खुर्ची दाखवली आणि म्हणाल्या, "बसा. मीच आहे."

माझे प्रमाणपत्र त्यांनी उघडूनही पाहिले नाही. एकच प्रश्न विचारला. रुग्ण तुमच्यासमोर हसत-बोलत बसला आहे आणि यंत्र सांगते आहे की त्याची साखर तीसवर आली आहे, तर तुम्ही काय कराल? मी म्हणालो, यंत्र पुन्हा चालवीन. आणि त्या माणसाला काही विचाराल का, असे त्या म्हणाल्या. ते मला सुचलेच नव्हते, आणि घाबरून मी तसे सांगूनही टाकले. मॅडमनी मान हलवली. निदान खरे बोललात, सोमवारपासून या, एवढेच म्हणाल्या. त्याला आता पंचवीस वर्षे होत आली. त्या ब्राह्मण घरच्या, वडील निजामी अमदानीतले कारकून. मी शेतकऱ्याचा मुलगा, बोलणे गावाकडचे. पण इतक्या वर्षांत त्यांनी मला एकदाही एकेरी हाक मारली नाही. "दत्तात्रय, तुम्ही" हेच त्यांचे संबोधन राहिले.

मॅडमना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून त्यांच्या विद्यार्थ्यांनी हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा मॅडमनी साफ नकार दिला. ग्रंथाच्या समितीची मंडळी त्यांच्याकडे तिसऱ्यांदा गेली तेव्हा त्यांनी अट घातली. आमचा एक रुग्ण कैलास, त्याची हकिगत ग्रंथात आली पाहिजे, पूर्ण आली पाहिजे आणि ती दत्तात्रय यांनी लिहिली पाहिजे, नाहीतर ग्रंथ नको. समितीतले एक डॉक्टर मला म्हणाले की अशा प्रसंगी हे कशाला. मलाही तसेच वाटत होते. पण मॅडमची अट मोडण्याची हिंमत आमच्यापैकी कोणातच नाही. म्हणून गौरवग्रंथात सहसा न शोभणारी ही हकिगत लिहितो आहे. कैलास हे त्याचे खरे नाव नव्हे, आणि त्याच्या पत्नीचेही नाव मी बदलले आहे.

आधी मॅडमच्या कामाबद्दल सांगतो, म्हणजे पुढचे समजेल.

साखर, थायरॉइड, कावीळ या तपासण्या सगळेच करतात. मॅडमचा खास अभ्यास संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा होता. त्यातही ज्या पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन तयार होत नाही आणि ते बाहेरून घ्यावे लागते, त्यांचे रिपोर्ट वाचण्यात त्यांच्याइतके लक्ष घालणारे मराठवाड्यात फार थोडे होते. हे रुग्ण चिठ्ठी चार घड्या घालून आणत. काउंटरवर तपासणीचे नाव घेत नसत, "ती टेस्ट" म्हणत. मॅडमनी त्यांच्यासाठी आतल्या खोलीला पडदा लावला होता. तिथे त्या स्वतः बसत आणि साखरेच्या रुग्णाशी बोलावे तितक्या साधेपणाने बोलत. एखाद्याची मान वर येत नसेल तर सांगत, "स्वादुपिंडानं काम सोडलं की माणूस इन्सुलिन घेतो. तसंच हे. यात लाजायचं काय?"

त्यांनी आम्हाला शिकवले ते थोडक्यात असे. हे इंजेक्शन घेतले की पहिल्या काही दिवसांत रक्तातला आकडा वर चढतो आणि मग दिवसागणिक उतरत जातो. तीन आठवड्यांनी इंजेक्शन घेणाऱ्या माणसाचे रक्त चौथ्या दिवशी घेतले तर औषध जास्त झाले असे दिसेल. विसाव्या दिवशी घेतले तर कमी पडते आहे असे दिसेल. दोन्ही आकडे खरे, माणूस तोच, औषधही तेवढेच. म्हणून दोन इंजेक्शनांच्या मधल्या दिवशी रक्त घ्यायचे, आणि तसे जमले नाही तर तारीख रिपोर्टवर लिहायची. उपचार सुरू झाल्यावर मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो. त्यामुळे त्या हुकमाचा, म्हणजे एलएच या संप्रेरकाचा आकडा शून्याजवळ आला तर तो नवा आजार समजून घाबरायचे नाही. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याबरोबर रक्ताचा घट्टपणा बघायचा. या औषधाने लाल पेशी वाढतात. शंभर भागांत त्या चोपन्न भागांच्या वर गेल्या तर औषध थांबवायचे, कारण घट्ट रक्ताची गुठळी होऊ शकते. तसा आकडा दिसला की छापील कागदावर विसंबायचे नाही, डॉक्टरांना फोन करायचा. हा प्रयोगशाळेचा नियम होता. मला तो पाठ होता.

बँकेतले एक साहेब एकदा आले. ते इंजेक्शनऐवजी अंगाला चोळायचे जेल वापरत. त्यांचा आकडा इतका प्रचंड आला की मी यंत्रच बिघडले समजून पुन्हा चालवले. मॅडमनी त्यांना बोलावून घेतले आणि जेल कुठे लावता ते विचारले. ते डाव्या दंडाला लावत, आणि मी रक्त डाव्याच हातातून काढले होते. सुईबरोबर कातडीवरचे औषध नळीत उतरले होते. उजव्या हाताचे रक्त घेतले तर आकडा अगदी ठीक. पहिला आकडा ऐकून साहेब औषधच बंद करण्याच्या बेतात होते.

सगळे प्रसंग असे सुखाचे झाले नाहीत. शहर वाळूजकडे, शेंद्र्याकडे, पैठण रस्त्याकडे पसरत चालले होते. नव्या वसाहतींत व्यायामशाळा निघत होत्या आणि ताकदीच्या सुया कोणीही कोणालाही टोचत होते. नवीन लग्न झालेला एक तरुण मूल होत नाही म्हणून वीर्याची तपासणी करायला आला. त्यात शुक्राणू एकही नव्हता. मॅडमनी तासभर बोलून काढून घेतले तेव्हा कळले की अशक्तपणावर म्हणून त्याला कोणीतरी वर्षभर टेस्टोस्टेरॉनच देत होते. बाहेरून हे औषध आले की शरीर शुक्राणू करायचे थांबवते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. मॅडमनी ते बंद करवले, तज्ज्ञांकडे पाठवले. तो सावरला, पण त्याला वर्षावर काळ लागला. तोवर त्याची बायको माहेरी गेली होती. ती परत आली नाही. मॅडम त्याची फाईल कितीतरी दिवस टेबलावरच ठेवून होत्या.

कैलास वेरूळच्या अलीकडच्या एका गावचा. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला एकेरीच बोलत असे आणि तो मला दत्ताभाऊ म्हणे. तिशी ओलांडताना त्याच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीत गाठ निघाली. शस्त्रक्रियेने गाठ गेली, पण ग्रंथीही गेली. तेव्हापासून सकाळी दोन प्रकारच्या गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन, तेही जन्मभर. त्यावर तो चांगला उभा राहिला होता. दर सहा महिन्यांनी आमच्याकडे येई, मॅडमनी सांगितलेल्या मधल्या दिवशीच येई, आणि येताना म्हैसमाळकडचा रानमेवा काही ना काही आणी.

मग पुन्हा सलग दुष्काळाची वर्षे आली. कैलास पाण्याच्या टँकरवर ड्रायव्हर झाला. दिवसाला पाच-पाच, सहा-सहा खेपा. त्या वर्षी शिमग्याच्या आधीच उन्हाळा लागला होता. कैलास आला तो सोमवार होता, काउंटरवर रांग होती, आणि मॅडम नांदेडला होत्या. त्यांच्या थोरल्या बहिणीचे शेवटचे दिवस होते. त्यांच्या जागी मी सगळे बघत होतो. मी कैलासची बाही वर केली तेव्हा तो म्हणाला, "दत्ताभाऊ, यंदा सुईला उशीर झालाय. खेपा सुटंना. आज पंचविसावा दिवस हाय."

हे मी ऐकले. लिहिले नाही. मागे लोक होते आणि मी पुढच्या माणसाला हाक मारली.

संध्याकाळी यंत्राने आकडे दिले. टेस्टोस्टेरॉन कमी, पंचविसाव्या दिवशी असणारच. लाल पेशींचे प्रमाण पंचावन्न. त्या आकड्यासमोर यंत्राने धोक्याची खूण म्हणून तारा छापला. माझ्या मनात आले की गडी दिवसभर उन्हात असतो, पाणी वाहतो पण पीत नसेल. त्या महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांचे रक्त घट्ट दिसत होते. पाणीच कमी, तर दुसरे काय दिसणार? असा विचार करून मी पुढचा कागद घेतला. खरे तर त्याला भरपूर पाणी पाजून दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घ्यायला हवे होते, आणि त्याच्या डॉक्टरांना फोन करायला हवा होता. दोन्ही मी केले नाही.

बहिणीला शेवटचे पोचवून मॅडम दोन दिवसांनी परतल्या. सह्यांसाठी रिपोर्टांचा गठ्ठा साचला होता. प्रवासाने त्यांचा चेहरा ओढलेला होता. त्यांनी विचारले, काही विशेष आहे का? मी म्हणालो, नाही मॅडम, सगळं ठीक आहे. त्यांनी माझ्या शब्दावर सह्या केल्या. इतक्या वर्षांत त्यांनी न बघता सही केल्याचे मला तेवढे एकच आठवते.

कैलासचे जुने डॉक्टर शहर सोडून गेले होते. नव्या डॉक्टरांनी रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉनचा कमी आकडा पाहिला आणि औषध अपुरे पडते आहे असे समजून तीन आठवड्यांचे अंतर दहा दिवसांवर आणले. ताऱ्याकडे त्यांचेही लक्ष गेले नाही. अंतर कमी केल्यावर कैलासला उलट तरतरी वाटू लागली. डोके जड होते, चेहरा लाल दिसे, पण उन्हाळ्यात ते कोणाचे होत नाही?

मृगाच्या काही दिवस आधी, टँकर भरत असताना त्याच्या उजव्या हातातून पाइप सुटला. त्याने उचलायला हात नेला, तर हात गेला नाही. बरोबरच्यांनी त्याला टँकरच्याच केबिनमध्ये घालून शहरात आणले. मेंदूत गुठळी झाली होती. लाल पेशींचे प्रमाण साठच्या पुढे गेले होते. नवव्या दिवशी तो गेला.

इस्पितळातून जुना रिपोर्ट मागायला माणूस आला तेव्हा मॅडमनी प्रत काढली आणि उभ्यानेच वाचली. मग मला आत बोलावले, पडदा ओढला आणि कागद माझ्यासमोर ठेवला.

"इंजेक्शन कोणत्या दिवशी झालं होतं?"

"उशीर झालाय म्हणाला होता. पंचविसावा दिवस."

"तुम्हाला म्हणाला होता?"

"हो."

"मग कागदावर का नाही?"

 मॅडम खुर्चीवर बसल्या. मी म्हणालो की चूक माझी आहे, मी आजच राजीनामा देतो. त्यांनी वर पाहिले. आवाज चढवला नाही. "सही माझी आहे. आणि राजीनामा देऊन तुम्ही मोकळे व्हाल. उद्या सकाळी साडेसातला लोक येतील, त्यांच्या समोर तुम्हीच बसायचं."

त्याच दिवशी त्यांनी कैलासच्या नव्या डॉक्टरांना आणि इस्पितळाला पत्रे लिहिली. इंजेक्शनचा दिवस आम्ही नोंदवला नाही, घट्टपणा पाहून फोन केला नाही, असे स्पष्ट लिहिले. माझे नाव कुठेच नव्हते, "आम्ही" होते. त्यांचे पुतणे वकील आहेत. त्यांनी पत्रे पाठवू नका म्हणून विनवले, निदान त्या घरी तरी जाऊ नका म्हणाले. मॅडमनी त्यांना चहा दिला आणि पत्रे माझ्या हाती देऊन पोस्टात टाकायला लावली.

दहावा उरकल्यावर आम्ही दोघे कैलासच्या गावी गेलो. ओट्यावर भावकी बसली होती. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्यांचे बोलणे कानावर आले. कोणी म्हातारा म्हणत होता, असल्या सुया घेऊन मर्दपणा दाखवायला गेला, मग दुसरं काय व्हायचं. दुसरा हसला नाही, पण होकारात खाकरला. आत भिंतीला टेकून कैलासची पत्नी मंदाताई बसल्या होत्या. हे सगळे त्यांना ऐकू जात होते. त्यांच्याकडे बघून वाटले की गेले दहा दिवस त्या हेच ऐकत आहेत.

घरातल्या कोणीतरी आम्हाला पाणी आणून दिले. त्या गावात त्या दिवसांत पाणी देणे काय होते हे मॅडमना ठाऊक होते. त्यांनी तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि थेंबही न सांडता प्यायल्या. मग त्या आत न जाता ओट्यावरच, सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या आणि बोलल्या. कैलासला गाठ झाली होती, गाठीबरोबर ग्रंथी काढावी लागली, म्हणून ही सुई त्याला लागत होती, साखरवाल्याला इन्सुलिन लागतं तशीच. शौक म्हणून किंवा कोणाला काही दाखवायला त्यानं एकही सुई घेतली नाही. त्यानं पथ्य नीट पाळलं, तारखा पाळल्या, एकदा उशीर झाला तोही आपण होऊन सांगितला. चुकलो ते आम्ही. आमच्या कागदात जे लिहायला हवं होतं ते लिहिलं गेलं नाही. म्हाताऱ्याने मान खाली घातली. 

एवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. दुसराच कोणी ड्रायव्हर आता ती गाडी घेऊन येत होता. बायका, पोरे, ओट्यावरची माणसेसुद्धा हंडे, कळशा घेऊन धावली. आत मंदाताई आणि बाहेर आम्ही दोघे, एवढेच उरलो. मंदाताई उठून उंबऱ्याशी आल्या.

"म्हंजे वाचले असते का ते?"

"कदाचित," मॅडम म्हणाल्या. "खात्रीनं सांगता येत नाही. पण थांबवायची एक संधी आमच्या हातात होती. ती आम्ही घालवली."

मंदाताईंनी त्यांच्याकडे पाहिले. "मग तुमी इथं कशापायी आलात? मला बरं वाटावं म्हणून, का तुमाला?"

 मॅडम म्हणाल्या, "मला माहीत नाही."

मी त्या वेळी पुढे होऊन, चूक माझ्या हातची आहे, हे बोलायला हवे होते. बोललो नाही. ते आज इथे लिहितो आहे. मंदाताईंनी कोपऱ्यातला हंडा उचलला आणि पाण्याला गेल्या. आम्ही थोडा वेळ त्या रिकाम्या ओट्यावर उभे राहिलो आणि मग निघालो. 

या खरेपणाची किंमत मॅडमनी पुरती मोजली. त्या पत्रामुळे आपण अडचणीत आलो असे नव्या डॉक्टरांना वाटले. त्यांनी रुग्ण पाठवणे थांबवले आणि त्यांचे पाहून इतरांनीही. जी प्रयोगशाळा आपली चूक कबूल करते तिच्याकडे कोण पाठवणार, असे एक जण माझ्या तोंडावर म्हणाले. जालना रस्त्यावर मोठमोठी तपासणी केंद्रे निघाली होती. लोक तिकडे गेले. आमच्याकडे काम करणाऱ्या आठ माणसांची तीन झाली. आतली खोली कित्येक दिवस रिकामी राही आणि मॅडम तिथे एकट्याच बसून जुन्या फायली वाचत. घरी बोलायला माणूस नव्हते. नांदेडला एक बहीण होती, तीही त्याच वर्षी गेली होती.

तशाही दिवसांत त्यांनी मला जे दिले ते सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. गावाहून आल्यानंतर माझ्या हाताला कंप सुटला. सुई हातात घेतली की कैलासचे बोलणे ऐकू येई. पहिल्याच सकाळी एका आजींची शीर मला सापडेना, दोनदा टोचूनही नाही. मॅडम बाहेर आल्या, आजींचे रक्त त्यांनी स्वतः काढले आणि त्यांना वाटेला लावले. मग माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, पदर सावरला आणि हात टेबलावर ठेवला. "माझं घ्या." मी नको म्हणालो. त्यांनी हात मागे घेतला नाही. मी सुई लावली, चुकलो, तिथे निळा डाग पडला. दुसऱ्यांदा जमले. पुढे महिनाभर त्या रोज सकाळी माझ्याशेजारी स्टुलावर बसत. ज्या माणसाच्या बेफिकिरीने त्यांचे आयुष्यभराचे नाव गेले, त्याच्याशेजारी.

मग त्यांनी एक कागद तयार केला. साध्या मराठीत, मोठ्या अक्षरांत. शेवटचे इंजेक्शन कधी घेतले? पुढचे कधी आहे? जेल लावत असाल तर कुठे आणि किती वाजता? केसांसाठी, नखांसाठी काही गोळ्या घेता का? कारण त्यातल्या काहींमुळे यंत्र फसते. आज पाणी किती प्यायलात? उन्हात काम आहे का? डोके जड वाटते का? हा कागद भरल्याशिवाय आमच्याकडे हार्मोनचे रक्त काढले जात नाही. आणि सहीच्या वेळी "सगळं ठीक आहे" हे वाक्य बोलायला तेव्हापासून बंदी आहे. कागद वाचून दाखवायचा. डॉक्टरांच्या एका सभेतही त्या तो कागद घेऊन गेल्या आणि कैलासची हकिगत, त्याचे नाव न घेता, सांगितली. चूक स्वतःच्या नावावर घेऊन सांगितली. मी मागच्या रांगेत होतो. काही जण मध्येच उठून गेले. पण त्या सभेतल्या दोन तरुण डॉक्टरांनी तो कागद मागून घेतला. तेच आज या ग्रंथाच्या समितीत आहेत. त्यांच्यामुळे रुग्ण हळूहळू परतले, पूर्वीइतके नाहीत, पण परतले. त्या कागदामुळे घट्ट रक्ताची माणसे वेळेवर सापडली. किती ते मॅडमनी आम्हाला कधी मोजू दिले नाही. म्हणाल्या, त्यानं कैलास वजा होत नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रिपोर्टवरचे दशांशचिन्ह त्यांना दिसले नाही. चूक लगेच लक्षात आली, कोणाचे काही बिघडले नाही. त्याच दुपारी त्यांनी पेन टेबलावर ठेवले आणि सही करणे सोडले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे आणि तो हळूहळू वाढतोच आहे. आता त्यांची विद्यार्थिनी प्रयोगशाळा बघते. मॅडम तरीही आठवड्यातून तीनदा रिक्षाने येतात, आतल्या खोलीत बसतात आणि मी त्यांना कागद वाचून दाखवतो.

हा लेख लिहिण्यापूर्वी मी वेरूळच्या रस्त्याने त्या गावी गेलो. एकटा. मंदाताई आता अंगणवाडीत मदतनीस आहेत. त्या दिवशी उंबऱ्याशी जे बोललो नव्हतो ते आधी बोललो, की रक्त मीच काढले होते आणि कैलासने मलाच सांगितले होते. त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या की हे त्यांना तेव्हाच कळले होते, माझ्या तोंडावरून. मी लिहिण्याची परवानगी मागितली. त्यांनी विचार करून जे सांगितले ते जसेच्या तसे देतो.

"लिहा. ते शौकासाठी सुया घेत नव्हते हे आधी लिहा. त्या दिवसापासनं गावात कुनी त्यांचं नाव घाण केलं नाय, ते बाईंमुळं. पर मी माफ केलं असं लिहू नका. केलं नाय मी. बाई खोटं बोलल्या नाय, एवढं लिहा."

परत आल्यावर मी हे मॅडमना वाचून दाखवले. त्यांनी शेवटचे वाक्य पुन्हा वाचायला सांगितले. मग त्याच्या आधीचेही. आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. असंच छापा."

मॅडमच्या पंचाहत्तरीला आम्ही त्यांना काय देणार? त्यांच्या डोळ्यांत आहे तेवढा उजेड टिकून राहावा, प्रयोगशाळेचा जिना चढण्याचे बळ त्यांच्या पायांत राहावे, आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभावे, ही आम्हा सर्वांची मनापासूनची प्रार्थना आहे. माझे एक वेगळे मागणे आहे. त्या स्वतःला रोज जो जाब विचारतात, त्याचे अर्धे ओझे माझे आहे. तेवढे तरी आता त्यांनी माझ्याकडे सोपवावे.